दोन म्यूऑन खोडून

ओदील म्हणाली, नवं काही शोधायचं नाहीये आपल्याला,
निदान या हिवाळ्यात तरी नाही.
आधी जुनं किती आहे ते सांग.

अठरा नंबरची शेवटची ट्राम गेलेली.
मेरँच्या दिव्यांवर धुकं बसलेलं,
आणि आमच्या पायांखाली, शंभर मीटर खोल,
प्रोटॉनांचे घोळके एकमेकांतून आरपार जात होते,
बहुतेकांना धक्काही न लागता.

लागतो तेव्हा जे उधळतं
ते जवळजवळ सगळं ओळखीचं.
टॉप क्वार्कच्या जोड्या, डब्ल्यू,
आणि एखादा आगाऊ जेट,
इलेक्ट्रॉनचं सोंग घेऊन दारात उभा.
सोंगंही मोजावी लागतात.
दर हजारी किती वठतात
याचा तक्ता माझ्या टेबलावर चिकटवलेला आहे.

अवघड असतो तो झेड,
जो दोन न्यूट्रिनोंत मोडतो आणि मागे काही ठेवत नाही.
एका अंगाला जेट सुसाट गेलेला,
दुसऱ्या अंगाला काही नाही.
हिशेब जुळत नाही, एवढाच पुरावा.
आणि आम्ही ज्याच्या मागावर आहोत
त्याचाही पुरावा नेमका एवढाच.

मग तिने शिकवलं.
झेड कधीकधी दोन म्यूऑनांतही मोडतो.
ते दिसतात. त्या घटना उचल,
म्यूऑन खोडून टाक, जणू नव्हतेच.
जे भोक उरेल
ते साध्या, रोजच्या रिकामपणाचं माप.

तीन आठवडे मी खोडत होते.
समोरचा वेइको काळा पाव चावत विचारायचा,
आज किती पुसलेस?
शेजाऱ्याने आज दूध किती निघालं विचारावं, तसा.

ओदीलचे वडील जुराच्या कुरणांवर गुरं राखायचे.
छत्तीस गाई, छत्तीस घंटा.
धुकं उतरलं की डोळ्यांचा उपयोग नसे,
ते गोठ्याच्या दाराशी नुसते उभे राहायचे.
एका संध्याकाळी म्हणाले, ब्लॉन्दीन नाहीये.
ओदील आठ वर्षांची, तिला तर गोंगाटच ऐकू येत होता.
तिची घंटा कशी वाजते? तिने विचारलं.
ते म्हणाले, आत्ता आठवत नाही.
पण बाकीच्या पस्तीस वाजून झाल्या.

हे सांगताना ती आलेखावरच्या काळ्या पट्टीकडे बघत होती.
पट्टीखालचं बघायचं नाही, असं ठरलेलं.
बघितलं की हात आशेच्या बाजूला सरकतो,
मर्यादेची रेघ जरा इकडे, जरा तिकडे,
आणि नसलेलं बाळसं धरू लागतं.

एप्रिलमध्ये पट्टी काढली.
खोलीत अकरा जण, पडद्यावर आणखी तीसेक चेहरे.
कुणीतरी क्रोसाँ आणलेले, त्यांना हात कुणी लावला नाही.
अंदाज होता दोनशे त्रेचाळीस, पंधरा इकडे किंवा तिकडे.
निघाले दोनशे अडतीस.

छान बसलं, वेइको म्हणाला.
आणि बसलं होतंच.
ठिपके रेघेवर असे, जणू रेघ त्यांच्यावरूनच ओढली असावी.
मला वाटलं होतं रडू येईल.
भूक लागली.
दोन क्रोसाँ उभ्या उभ्या खाल्ले.

फक्त शेवटच्या खान्यात, अगदी उजवीकडे,
एक-सव्वा असायला हवं तिथे तीन होते.
तीन म्हणजे काहीच नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक.
ओदीलने तरी वहीच्या कोपऱ्यात तीन लिहिले,
पेन्सिलीने, बारीक.

पार्किंगपर्यंत सोबत चाललो.
हवा निवळलेली, दूर माँ ब्लाँ उघडा पडलेला.
ब्लॉन्दीन सापडली का मग? मी विचारलं.
सापडली ना, ती किल्ली शोधत म्हणाली,
गोठ्यामागेच उभी होती.
घंटेत चिखल भरला होता.